बिनखुणेची झाकणी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात शांतवन नावाचा एक गवंडी राहत होता. त्यानं बांधलेली भिंत ओळंब्याला तंतोतंत उतरायची. त्यानं गिलावा केला की भेग शोधूनही सापडायची नाही. बोलायला मात्र तो फार कमी. चार माणसं जमली की हा मागं भिंतीला टेकून उभा राहायचा आणि कुणी नाव घेऊन हाक मारली तरच पुढं यायचा.

त्या गावात नाताळला एक खास पदार्थ व्हायचा. फार पूर्वी कुण्या बंगल्यावरच्या खानसाम्यानं तो गावातल्या बायकांना शिकवला, असं जुनी माणसं सांगत. मटण आणि बटाट्याचा दाट रस्सा करायचा. तो पत्र्याच्या खोलगट ताटलीत ओतायचा. वरून मैद्याची जाडसर पोळी झाकायची, तिच्या कडा चिमटून बंद करायच्या आणि ताटली भट्टीत भाजायला द्यायची. वरची पोळी खरपूस होई आणि तिच्याखाली रस्सा मुरत राही. गावात याला झाकणी म्हणत. थंडीच्या दिवसात झाकणीचं झाकण फुटलं आणि आतली वाफ वर आली, की घरात रुसून बसलेलं माणूससुद्धा ताट घेऊन पुढं सरके.

गावात भट्टी एकच होती, शलमोनची. भट्टीच्या ताटल्याही त्याच्याच आणि सगळ्या एका मापाच्या. मग आपली झाकणी ओळखायची कशी? म्हणून प्रत्येक घर उरलेल्या पिठाची एक खूण करून झाकणावर चिकटवत असे. कुणाचा मासा, कुणाची किल्ली, कुणाचा तारा. आणखीही एक रिवाज होता. ज्यानं झाकणी केली, झाकण त्यानंच फोडायचं. दुसऱ्याच्या घरचं झाकण फोडणं म्हणजे न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरणं, असं ते लोक मानत.

शांतवनच्या घरची खूण होती चिमणी. त्याची बायको करुणा बोटाच्या पेराएवढी चिमणी करायची आणि डोळ्याच्या जागी मिरीचा दाणा टोचायची. पण त्या वर्षी पावसाळ्यात करुणा तापानं गेली. मागं दोन लेकरं राहिली, मोठी सुवार्ता आणि धाकटा उल्हास.

सुवार्ता रडून घ्यायची. उल्हास रडायचा नाही. पुढ्यात येईल ते चार घास खायचा आणि उठायचा. नाताळ जवळ आला तेव्हा एक दिवस तो ताटावरून उठता उठता म्हणाला, "आता आपल्याकडं झाकणी नाही."

त्यानं ते विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. म्हणूनच शांतवनला ते जास्त लागलं.

"होईल की," तो म्हणाला.

"कोण करणार?"

"मी करीन."

उल्हासनं बापाच्या हातांकडं पाहिलं. चुन्यानं आणि सिमेंटनं त्या हातांना भेगा पडल्या होत्या. निजताना त्यानं बहिणीला विचारलं, "खरंच करतील का गं बाबा?"

नाताळची सकाळ उजाडली. शांतवननं चूल पेटवली. मटण त्यानं आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं, चांगलं भरपूर. त्यानं कांदा परतला, आलं-लसूण वाटलं, मिरी आणि लवंगा कुटल्या. बटाटे चिरायला सुवार्ता मदतीला बसली. शांतवन बटाटे चिरायचा तेही विटेसारखे, चारी कोपरे काटकोनात.

"बाबा, आई गोल गोल चकत्या करायची," सुवार्ता म्हणाली.

"गोल वस्तू एकावर एक नीट बसत नाही, पोरी."

"आपल्याला भिंत नाही बांधायची!"

शांतवनला हसू आलं. किती दिवसांनी आलं, ते त्याचं त्यालाच कळलं.

पोळी लाटताना ती तीनदा फाटली. चौथ्यांदा जमली. ताटलीत रस्सा ओतून त्यानं वर पोळी पसरली आणि मग मात्र त्याचे हात आपोआप चालू लागले. हे काम त्याला येत होतं. कडेला बोट फिरवून त्यानं प्रत्येक सांध दाबली, जिथं जिथं बारीक फट दिसली तिथं ओलं पीठ भरलं आणि उलथन्याच्या पाठीनं सगळं गुळगुळीत केलं. आत मुंगी जाणार नाही आणि बाहेर वारा येणार नाही, असं पक्कं काम.

शेवटी चिमणी करायची वेळ आली. त्यानं पिठाचा गोळा घेतला, चोच काढली, शेपटी ओढली. चोच गळून पडली. त्यानं ती परत लावली.

उल्हास शेजारी येऊन बसला होता. त्यानं मान तिरकी करून पाहिलं. "बाबा, ही चिमणी नाही. हा बटाटा आहे."

"उडेल तेव्हा बघ," शांतवन म्हणाला.

उल्हासच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. हसू नव्हे, पण हसण्याच्या जवळचं. ते पाहून शांतवननं ठरवलं, आज काहीही झालं तरी हे पोर पोटभर जेवलं पाहिजे.

त्यानं ताटली भट्टीत दिली आणि लेकरांना घेऊन तो देवळात गेला. उपासना संपल्यावर मुलांना घरी पाठवून तो भट्टीकडं वळला. तिथं बायकांची ही गर्दी. हसणं, शुभेच्छा देणं, एकमेकींच्या झाकण्यांना नावं ठेवणं चाललेलं. एवढ्या बायकांत आपण एकटाच पुरुष, म्हणून शांतवन लाजला आणि नेहमीसारखा मागं भिंतीला टेकून उभा राहिला. सगळ्याजणी आपापली खूण ओळखून गेल्या. फळीवर दोनच ताटल्या उरल्या, तेव्हा तो पुढं झाला.

शलमोन कपाळावरचा घाम पुसत होता. त्यालाही घरी जेवायला जायची घाई होती. "ये रे, शांतवन. एक झाकणी बिनखुणेची येणार, हे मला सांगितलं होतं. ही दुसरी बिनखुणेची कुठून आली कोण जाणे. बघ बाबा, यातली तुझी कुठली."

शांतवननं वाकून दोन्ही ताटल्या पाहिल्या.

एक झाकणी सुरेख फुगली होती. रंग असा, जसा उन्हात वाळलेल्या गव्हाचा. कडेला बोटांच्या चिमट्यांची नाजूक वेल होती. दुसरीचं झाकण मधोमध खचलं होतं. एका बाजूनं फाटून रस्सा बाहेर उतू गेला होता आणि ताटलीच्या काठावर जळून काळा झाला होता. फटीतून मटणाचे मोठाले तुकडे आणि बटाट्याचा एक कोपरा दिसत होता. तो कोपरा अगदी काटकोनात होता. चिमणीचा पत्ता नव्हता. झाकण खचलं तेव्हा ती आत बुडाली असणार.

ओळखायला क्षणही लागला नाही. पण शांतवन हललाच नाही. त्याला उल्हासचा चेहरा दिसत होता. दारात उभा असेल पोरगा. त्याच्यापुढं हे फुटलेलं, करपलेलं ठेवायचं? तो काही बोलणार नाही. चार घास खाईल आणि उठेल. त्याच्या मनानं जे धरलंय, की आई गेली आणि घरातलं चांगलं सगळं तिच्याबरोबर गेलं, ते आज पक्कं होईल.

दुसरी झाकणी कुणाची, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर ती उचलता आली नसती.

"ही," तो म्हणाला आणि सुरेख झाकणी त्यानं कापडात गुंडाळली.

"अरे वा!" शलमोन म्हणाला. "गवंड्याचा हात रे, बाबा!"

घरी पोहोचेपर्यंत त्याचे कान तापलेले होते. पण उल्हासनं ताटली पाहिली आणि तो धावतच आत गेला, ताटं घेऊन आला. पाणीही त्यानंच भरलं. शांतवननं उलथनं उचललं. झाकणावर टेकवलं. हात क्षणभर अडला, आणि मग त्यानं झाकण फोडलं.

वाफ वर आली. आत बटाटेच बटाटे होते, पातळ गोल चकत्यांचे. मटण थोडंसंच होतं, पण ते इतकं बारीक चिरून पसरलं होतं, की प्रत्येक घासाला कणभर तरी यावं. कुणीतरी थोडक्यात भागवलं होतं आणि ते कुणाला जाणवू नये म्हणून खूप वेळ सुरी चालवली होती. शांतवनला भिंत पाहून गवंड्याचा हात कळायचा. त्याला हाही हात कळला.

उल्हासनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग तो म्हणाला, "बाबा, आईसारखी झाली."

त्यानं ताट पुढं केलं. अजून मागितलं. कित्येक महिन्यांत त्यानं अजून मागितलं नव्हतं. ज्या शब्दासाठी शांतवननं हे केलं होतं तो शब्द त्याला मिळाला होता, आणि तो त्याला गिळवत नव्हता.

उल्हास खाता खाता थांबला. त्यानं एक चकती बोटावर धरली. "पण ताई, तुम्ही तर चौकोनी चिरले होते ना? हे गोल कसे झाले?"

सुवार्तानं चकतीकडं पाहिलं. मग बापाकडं पाहिलं. शांतवननं मान खाली घातली. पोरीला सगळं समजलं.

"भट्टीत होतात गोल," ती हळूच म्हणाली. "कोपरे विरघळतात. तू जेव."

सुवार्ता कधी खोटं बोलायची नाही. करुणानं तिला तसं वाढवलं होतं. आज ती बोलली, बापासाठी बोलली आणि बोलताना तिनं आवाज अगदी करुणासारखा मऊ केला. शांतवनला ते सहन झालं नाही. दुसऱ्याची झाकणी आपण आणली, ते ओझं आपलं. पण ते आता या एवढ्याशा पोरीनं उचललं होतं.

त्यानं उलथनं खाली ठेवलं.

"सुवार्ता, असं म्हणू नको, बाळा. उल्हास, ऐक. ही मी केलेली झाकणी नाही. माझी फुटली. करपली. तिथं ही चांगली दिसली, म्हणून मी ही उचलली. ही दुसऱ्या कुणाची तरी आहे."

उल्हासनं हातातली चकती ताटात ठेवली. "आणि त्यांच्याकडं आपली गेली? फुटकी?"

"हो."

"मग ते काय खातायत?"

शांतवन उठला, त्यानं ताटलीवर कापड झाकलं आणि चपला पायात सरकवल्या.

"आम्ही पण येतो," सुवार्ता म्हणाली. तिनं भावाचा हात धरला होता.

भट्टी बंद झाली होती. शलमोन मागच्या अंगणात जेवत बसला होता. शांतवननं विचारलं, "मामा, ती बिनखुणेची कुणाची होती?"

"सगुणाआजीची. मुलगा आलाय ना तिचा इतक्या वर्षांनी, बायकापोरांना घेऊन. झाकणापुरतंच पीठ होतं, खुणेपुरतं उरलं नाही, म्हणाली. त्या मुलानंच येऊन नेली. का रे?"

"काही नाही," असं म्हणायला शांतवननं तोंड उघडलं होतं. पण लेकरं शेजारी उभी होती. "मी तिची नेली, मामा," तो म्हणाला आणि चालू लागला.

सगुणाआजीचं घर ओढ्याच्या काठाला होतं. दार उघडंच होतं. आत सगळे गोल करून बसले होते. आजी, तिचा मुलगा याकोब, सून आणि दोन नातवंडं. मधोमध शांतवनची फुटकी झाकणी होती आणि तिला कुणी हात लावलेला नव्हता. पोरं कोरडी भाकरी चघळत होती.

याकोबचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "आई, अगं फटीतून बघ तरी, यात मटणच मटण आहे. नशीब समज आणि फोड."

"नशीब असेल," आजी म्हणाली, "पण दुसऱ्याचं. ज्याची आहे तो येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर भाकरी आहे."

शांतवन दारात उभा राहिला. एरवी अशा वेळी तो मागं भिंत शोधायचा. आज त्याच्या मागं भिंत नव्हती, दोन लेकरं होती.

"आजी, तुमची झाकणी घेऊन आलोय."

"बघ, आला," आजी मुलाला म्हणाली. "ये रे, शांतवन. होतं असं. दोन्ही बिनखुणेच्या, चुकून गेली असेल."

तिनं त्याला सुटायला वाट करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"चुकून नाही नेली, आजी," शांतवन म्हणाला. "कळून नेली. माझी फुटली होती. पोरांना चांगली खाऊ घालावी वाटलं. झाकणही फोडलं मी."

याकोबच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे माझी लेकरं इथं भाकरी चावतायत आणि तुम्ही..."

"याकोब," आजी म्हणाली, आणि तो थांबला. तिनं कापड उचलून पाहिलं. "एकाच माणसाचा वाटा गेलाय. कुणी खाल्ला?"

उल्हास पुढं आला. "मी. मला माहीत नव्हतं."

"आवडली?"

"आईसारखी होती."

आजीनं त्याच्या गालावरचा रस्सा पदरानं पुसला. "भूक लागलेली असली ना, की सगळ्याच आयांच्या हातचं सारखं लागतं रे. बस खाली. तूही बस गं, पोरी. अगं सूनबाई, ताटं वाढ."

शांतवन उभाच होता. आजी त्याला म्हणाली, "तू पण बस. आणि ही तुझी तू फोड. इथं कुणाचा हात लागायचा नाही तिला."

"आता काय फोडायचं, आजी? आधीच फुटलीय."

आजीनं ताटली जवळ ओढली, कडेवरून बोट फिरवलं आणि ती चकित झाली. "अरे, भोक कुठंय वाफेचं?"

"ठेवलं नाही."

"का?"

"गवंडी आहे, आजी. फट ठेवायची सवय नाही."

याकोबची आठी एकदम सुटली. तो इतका जोरात हसला की नातवंडंही हसू लागली. आजी हसता हसता म्हणाली, "अरे शहाण्या, भिंत बांधताना खिडकी ठेवतोस ना? मग? आतली वाफ आत कोंडली, तर ती कुठून तरी फोडूनच निघणार."

"हो, आजी," शांतवन म्हणाला. "आजच कळलं."

त्यानं उलथनं घेतलं आणि आपली झाकणी फोडली. मटणाचे मोठमोठे तुकडे निघाले. काही नीट शिजले होते, काही दातांशी भांडत होते. मिरी एवढी, की याकोबला ठसका लागला. आजीच्या झाकणीतलं थोडं आणि शांतवनच्या झाकणीतलं थोडं, असं सगळ्यांच्या ताटात पडलं. गोल चकत्या आणि चौकोनी विटा एकाच रश्शात बसल्या.

वाढता वाढता शांतवनच्या उलथन्यावर पिठाचा एक गोळा आला. रस्सा पिऊन टम्म फुगलेला, एका बाजूला चोचीसारखं काहीतरी राहिलेलं.

"चिमणी!" उल्हास ओरडला. "ताई, बघ, आपली चिमणी! खाऊन खाऊन जाडी झाली!"

ती त्याच्या ताटात पडली. त्यानं आधी चोच खाल्ली, मग उरलेली. मग मटणाचा एक मोठा तुकडा तोंडात घालून तो बराच वेळ चावत राहिला. सगळे त्याच्याकडं पाहत होते आणि शांतवन सगळ्यांत जास्त.

"कशी आहे?" शेवटी शांतवननंच विचारलं.

उल्हासनं विचार केला. आज घरी खरं काय आणि खोटं काय, हे दोन्ही त्यानं पाहिलं होतं, म्हणून तो नीट विचार करून बोलला.

"आईसारखी नाही," तो म्हणाला. "तिखट आहे. बाबांसारखी आहे."

आणि त्यानं ताट पुढं केलं.

तात्पर्य: आपल्या माणसांपुढं आपल्या हातचं ठेवावं, मग ते बिघडलेलं का असेना. दुसऱ्याच्या कष्टाचं देखणं झाकण आणून वाढलं, तर आपल्यावर माया करणाऱ्यांना आपल्यासाठी खोटं बोलावं लागतं. आणि चूक झालीच, तर ती कोंडून ठेवू नये, स्वतःच्या तोंडानं मोकळी करावी.